छोट्या हत्तीचे हीटर प्लग: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

गाडी म्हणजे जुना टाटा एस, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. गाव निफाड तालुक्यात. इथला पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी हिवाळ्यात अधूनमधून पेपरात येतेच, आणि नेमकं त्याच दिवसांत पहाटे द्राक्षाचे क्रेट भरून पॅकहाऊस गाठायचं असतं. दिवाळीनंतर गाडीचे दोन्ही हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन चालू व्हावं म्हणून आत तापणारे, कंपनीच्या पुस्तकातले ग्लो प्लग, नवे टाकले. आता ऊन तापायला लागलंय, त्यामुळे बरं-वाईट सांगायला हरकत नाही.

आधीचा त्रास असा: सेल्फ जोरात फिरायचा, बॅटरी दमदार, पण इंजिन धरायचं नाही. धरलंच तर एका सिलिंडरवर. केबिन गदगदा हलायची आणि मागून डोळे झोंबणारा पांढरा धूर, म्हणजे न जळालेलं डिझेल. थोड्या वेळाने दुसरं सिलिंडर कामाला लागलं की सगळं शांत. दुपारी हीच गाडी चावी फिरवताक्षणी चालू. कॉम्प्रेशन उतरलेलं इंजिनही थंडीत कुरकुरतं, पण ते चढाला दम सोडतं, ऑइल खातं. इथे तसलं काही नव्हतं. म्हणून इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्याआधी हीटर बघायचं ठरवलं.

आयडीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कोठडीत फवारलं जातं. हेड गार असेल तर दाबलेल्या हवेची ऊब ही कोठडीच शोषून घेते. ती कसर हीटर प्लगचं टोक भरून काढतं; काही सेकंदांत ते ८०० अंशांच्या वर तापतं. चार सिलिंडरच्या गाडीत एक प्लग गेला तर बाकीचे तीन निभावून नेतात. दोनातला एक गेला की अर्धं इंजिन झोपलेलंच.

प्लग सापडायला अवघड नाहीत. सीट उचललं की इंजिन दिसतं. डिझेलचे पाइप जिथे ते फवारणाऱ्या नोझलला जातात तिथेच जवळ पेन्सिलीएवढे दोन प्लग, त्यांच्या डोक्यांना जोडणारी एक पट्टी आणि पट्टीला रिलेकडून (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचकडून) आलेली जाड वायर. आधी चावी ऑन करून पट्टीपर्यंत करंट येतो का, ते टेस्ट लॅम्पने पाहावं. बरेच जण हेच गाळतात. करंटच नसेल तर दोष रिलेत किंवा फ्यूजमध्ये, नवे प्लग टाकून पैसे पाण्यात. आमच्याकडे करंट होता. मग पट्टी सोडवून मल्टिमीटर ओहमवर ठेवला. एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं हेडला. एकाने ०.८ दाखवले, दुसऱ्यावर आकडाच येईना. आतली कॉईल तुटलेली.

काढण्याचं काम मात्र जिवाला घोर लावणारं. प्लग हेडमध्येच तुटला तर हेड उतरवायची पाळी येऊ शकते. मिस्त्रीने आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन गरम केलं, कॉम्प्रेसरच्या हवेने भोवतीची माती उडवली (ती सिलिंडरमध्ये गेली तर वेगळंच दुखणं) आणि मग डीप सॉकेट लावून थोडं उलटं, थोडं सुलटं करत निघाला. एम-१० (१० मिलिमीटर) आट्यांच्या प्लगला काढताना ३५ न्यूटन-मीटरच्या वर जोर लावायचा नसतो. पहिला गपचूप आला. दुसरा मध्येच अडला, किर्र वाजला. मिस्त्री तिथेच थांबला. पुन्हा तेल, चहा, मग परत हात. बाहेर आला तेव्हा टोक एका बाजूने खाल्लेलं, वर काजळीचा जाड थर. असं टोक दिसलं की नोझलवर संशय घ्यावा. टेस्टिंगला नेलं तर त्या सिलिंडरचं नोझल खरंच थेंब गाळत होतं. ते दुरुस्त केल्याशिवाय नवा प्लग टाकण्यात अर्थ नव्हता.

नवे प्लग आधी हातानेच फिरवून आटे धरवले, शेवटी पान्याने जेमतेम आवळले. एम-१० ला १५ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. पट्टीचे नट तर त्याहून हलक्या हाताने, नाहीतर प्लगचं डोकं मुरगळून हातात येतं.

खरेदीबद्दल एवढंच की जुना प्लग सोबत न्या, दोन्ही एकदम घ्या आणि प्लगवर छापलेले व्होल्ट वाचा. जुन्या गाड्यांना ११ किंवा १२ व्होल्टचे लागतात. नव्या कॉमन रेल (डिझेलची फवारणी कॉम्प्युटरने सांभाळणाऱ्या) गाड्यांत ५ किंवा ७ व्होल्टचेही असतात, त्यांना कंट्रोल युनिट मोजून करंट देतं. तसला प्लग बॅटरीला थेट लावून 'चेक' करणारा दुकानदार दिसला तर दुकान बदला.

आता हिवाळ्याचा हिशेब. कडाक्याच्या पहाटेही डॅशबोर्डवरचा कॉईलचा (हीटर प्लग तापत असल्याचा) दिवा विझेपर्यंत थांबायचं, सेल्फ मारायचा, इंजिन दोन्ही सिलिंडरवर उठतं. पांढरा धूर किंचित येतो आणि विरतो. सेल्फ आणि बॅटरीवरचा ताण कमी झाला, हा फायदा मला मायलेजपेक्षा मोठा वाटतो. मायलेज वाढेल असं दुकानदार सांगतात. मला तसूभरही फरक दिसला नाही, आणि अपेक्षाही नव्हती. गार इंजिन धरावं म्हणून एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरायचा प्रकारही सुटला. स्टार्टिंग स्प्रेच्या वाटेला तर हीटरवाल्या इंजिनात जाऊच नये, तापलेल्या टोकामुळे स्प्रेचा अवेळी भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

एक कुरबूर आहे. दोन सिलिंडरच्या थरथरीने मकरसंक्रांतीच्या सुमारास पट्टीचा एक नट सैल झाला आणि सकाळी जुनाच तमाशा. स्प्रिंग वॉशर टाकून घेतला, पुन्हा तक्रार नाही. परवा मल्टिमीटर लावला तर दोन्ही प्लगचा आकडा जवळपास सारखा आला. रिले अजून मूळचाच आहे. दिवा विझल्यावरही त्यातून करंट चालू राहत नाही ना, एवढं येत्या थंडीआधी तपासून घेणार. चिकटलेला रिले नवे प्लगही भाजून काढतो.