काउंटरखालून काढलेलं लाल तेल

लंडनच्या पेकहॅम भागात खरेदीला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचा. तीन आठवडे जे भेसळीचं पाम तेल माझ्या मुलीच्या पोटात गेलं, ते तुमच्या घरात शिरू नये म्हणून लिहिते आहे.

आमच्या शेजारच्या आंटी घानातल्या कुमासीच्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा ‘रेड रेड’ खाल्लं आणि आईच्या हातची चवळीची उसळ आठवली. चवळीच ती! फक्त लाल पाम तेलात शिजवलेली, वर कसाव्याची भाजलेली भरड, म्हणजे गारी, भुरभुरलेली आणि सोबत पिकलेल्या प्लँटेनचे, म्हणजे शिजवून खायच्या मोठ्या केळ्याचे, तळलेले काप. मग आमच्याकडेही ते वरचेवर होऊ लागलं.

डिसेंबरात तेल संपलं तेव्हा आंटी गावी गेलेल्या. राय लेनजवळच्या एका छोट्या पश्चिम आफ्रिकी दुकानात गेले. फळीवर लेबल लावलेल्या बाटल्या होत्या, पण दुकानदाराने काउंटरखालून पाण्याच्या बाटलीत भरलेलं तेल काढलं. “हे झोमी, खास गावाकडून येतं, बाहेर मांडत नाही.” झोमी म्हणजे मसाले घालून कढवलेलं घानातलं उंची पाम तेल. आंटींच्या तोंडून ते नाव ऐकलेलं, त्यामुळे लगेच विश्वास बसला. रंग तर कुंकवासारखा. लेबलवाली बाटली 6 पाउंडांना, ही 14 ला. रोख, पावती नाही. महाग आहे म्हणजे अस्सलच असणार, असं धरून चालले.

आंटी जानेवारीत परतल्या. ओट्यावरची बाटली उजेडात धरून म्हणाल्या, “एवढ्या थंडीत हे थिजलं कसं नाही?” त्यांचं तेल तुपासारखं रवाळ झालं होतं, माझं पाण्यासारखं पातळ. मग त्यांनी दोन्ही तेलं वेगवेगळ्या कढल्यांत तापवली. त्यांचं फिकट पिवळं होत गेलं. पाम तेलाचा लाल रंग कॅरोटीनचा, गाजरात असतो तोच, आणि कडक आचेवर तो उडतो. माझं तेल मात्र होतं तसंच लालभडक राहिलं. माझे हातपाय गार पडले.

कौन्सिलच्या अन्न-तपासनीसांना फोन केला, ते बाटली घेऊन गेले. अहवालात सुदान-4 निघालं. बुटाच्या पॉलिशमध्ये, मेणात वापरायचा हा रंग! कर्करोगाच्या धोक्यामुळे खाद्यपदार्थांत त्याला इथे बंदी आहे. 2015 साली खुद्द घानाच्या अन्न-औषध प्राधिकरणाने बाजारातल्या पाम तेलात तो सापडल्याचं सांगितलं होतं. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. दुकानदाराने “मी विकलंच नाही” म्हणून हात झटकले. पावती नाही, मग बोलणार काय?

घरच्या परीक्षेवर मात्र पूर्ण विसंबू नका. गाळून पातळ केलेलं पाम ओलीनही मिळतं, ते थंडीतही लवकर थिजत नाही. म्हणजे न थिजणारं प्रत्येक तेल भेसळीचं नसतं. उत्पादकाचा किंवा आयात करणाऱ्याचा नाव-पत्ता, लॉट नंबर आणि तारीख नसेल तर घेऊच नका. आणि या एका दुकानावरून सगळ्यांना नावं ठेवू नका. त्याच रस्त्यावरच्या एक बाई यामचा कंद न सांगता कापून आतून दाखवतात, तेव्हाच पैसे घेतात. मी आता त्यांच्याकडेच जाते.

अशी बिनलेबलची बाटली घरात असेल तर घाबरून ओतून टाकू नका. झाकण घट्ट लावून बाजूला ठेवा आणि कौन्सिलला कळवा. माझ्याकडे अर्धी बाटली उरली होती, म्हणूनच तपासणी होऊ शकली.