बरणीतलं पाणी सोडून ऑलिव्ह कितीला पडतं? आठ महिन्यांच्या खरेदीनंतर

गेल्या जूनपासून आमच्याकडे ऑलिव्ह नियमानं येतं. लेकीला पास्त्यात हवं असतं, मला भाजलेल्या ब्रेडवर. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘हा तर खारातला आवळाच की’ म्हणत बाजूला सारलं होतं, पण आता हिरव्या मिरचीच्या ठेच्यात दोन-चार कुटून घातली की त्या आवडीनं खातात (ठेच्यात मग वेगळं मीठ घालायचं नाही). एवढं खपायला लागल्यावर खर्च डोळ्यांवर आला. म्हणून पुण्यातल्या कोथरूड, कर्वे रोड आणि कॅम्प मिळून सहा दुकानांतून घेतलेली प्रत्येक बरणी मी चाळणीत निथळून घरच्या काट्यावर मोजली आणि वहीत लिहून ठेवली. चवीबद्दल थोडक्यात लिहिते, भावाबद्दल सविस्तर.

सुरुवात अशी झाली. कापांची ४५० ग्रॅमची बरणी ऑफरमध्ये १९९ रुपयांना होती, एमआरपी २४९. शेजारी बियांसकट अख्ख्या ऑलिव्हची ३५० ग्रॅमची, १६५ रुपयांना. फोनवर भागाकार केला: पहिली ग्रॅमला ४४ पैसे, दुसरी ४७. पहिली उचलली आणि स्वस्तात मिळाली म्हणून खूश होऊन घरी आले.

घरी लेबल नीट वाचलं तर बारीक अक्षरात ‘ड्रेन्ड वेट २३० ग्रॅम’. म्हणजे निथळल्यावर उरणारं वजन. बाकीचे २२० ग्रॅम मिठाचं पाणी! पुढच्या आठवड्यात दुसरी बरणी मुद्दाम आणली. तिच्यात निथळून २०० ग्रॅम. आता हिशेब फिरला: काप शंभर ग्रॅमला साडेशहाऐंशी रुपये, अख्खी साडेब्याऐंशी. मग बिया काढून त्याही मोजल्या. ४४ ग्रॅम भरल्या. खायचा गर १५६ ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमला जवळजवळ १०६ रुपये. त्याच दोन बरण्यांचा निकाल दोनदा बदलला. त्या दिवसापासून मी फक्त शेवटचा आकडा धरते: तोंडात जाणाऱ्या शंभर ग्रॅमला किती.

पाकिटावर ग्रॅममागचा भाव छापलेला असतो, तो का पुरत नाही हे सांगायला हवं. पॅकबंद मालाच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. ठरावीक मापांतच पॅकिंग करण्याची सक्ती गेली आणि एमआरपीसोबत एककामागचा भावही छापणं आलं. तेल, डाळ, साबण यांना ही सोय उत्तम आहे. पण मी पाहिलेल्या ऑलिव्हच्या बरण्यांवर हा भाव पाण्यासकट वजनावर काढलेला होता, आणि तोही एमआरपीवरून, त्यामुळे ऑफरचा त्यात पत्ता नाही. निथळलेलं वजन मात्र लिहावंच लागतं. जो पदार्थ आपण ओतून टाकतो अशा पाण्यात, व्हिनेगरमध्ये किंवा पाकात भरलेला असतो, त्यावर ते छापणं अन्नसुरक्षेच्या लेबल नियमांत बंधनकारक आहे. ते शोधा. स्पेनहून आलेल्या बरणीवर आयातदाराच्या स्टिकरखाली ते दडलं असेल, तर मूळ लेबलवर ‘पेसो एस्कुर्रीदो’ असे शब्द दिसतात, तेच हे वजन.

खणावरच्या भावाच्या पट्ट्यांचा त्रास वेगळा. पौड रोडजवळच्या एका सुपरमार्केटात पिवळ्या पट्टीवर १४९ वाचून मी दोन बरण्या घेतल्या आणि बिलात प्रत्येकी १८९ लागले. कॅशिअर म्हणाला, “ताई, ऑफर काळ्यावर आहे, हिरव्यावर नाही.” पट्टीवर नुसतं ‘ऑलिव्ह ४५० ग्रॅम’ लिहिलं होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीनं सांगितलं, “काकू, माझंही मागच्या वेळी असंच झालं. पट्टीवरचे बारकोडचे शेवटचे चार आकडे बरणीशी जुळवून बघा.” ही युक्ती तेव्हापासून कायम वापरते. त्याच रांगेतले एक आजोबा खिशात भिंग ठेवतात. ते मला म्हणाले, “मी आजवर नेट वेटच बघत आलो. पाण्याचे पैसे देतोय हे कुणी सांगितलंच नाही हो.” मला फार वाईट वाटलं. भिंग घेऊन वाचणाऱ्या माणसालाही कळू नये, एवढी ती अक्षरं बारीक का असावीत? निथळलेल्या वजनाचा भाव मोठ्या अक्षरात पट्टीवर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तोवर बिल झाल्यावर लगेच तपासा, पट्टीचा फोटो काढून ठेवा. एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

काळं आणि हिरवं यांतला फरकही लेबलवरच कळतो. डब्यातलं एकसारखं काळंभोर ऑलिव्ह बहुतेक वेळा झाडावर काळं झालेलं नसतं. कच्चं तोडून, प्रक्रियेत हवा देऊन काळं केलेलं असतं आणि रंग टिकायला फेरस ग्लुकोनेट घालतात, घटकांत ५७९ असं दिसतं. खायला काही अडचण नाही, पण चव सौम्य, जवळजवळ अळणी. त्याला जास्त पैसे मी देत नाही. ग्रीसचं जांभळट कालामाता महाग आहे, पण चवीला खरंच भरलेलं. सणासुदीला आणते.

ऑक्टोबरपासून आम्ही सोसायटीतल्या चौघी मिळून मोठा डबा आणतो. कॅम्पात हॉटेलांना माल देणाऱ्या एका दुकानात कापांचा तीन किलोचा डबा ७५० रुपयांना मिळतो. निथळून दीड किलो, म्हणजे शंभर ग्रॅमला पन्नास रुपये. प्रत्येकीला ३७५ ग्रॅम, १८७ रुपये ५० पैशांत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. गिऱ्हाइकांनी एकत्र यावं हा विचार आपल्या शहराला नवा नाही, आमच्या जिन्यात तो उशिरा पोचला इतकंच.

डबा उघडल्यावर त्यात काही ठेवू नका. काचेच्या बरणीत, त्याच्याच पाण्यात पूर्ण बुडवून, फ्रीजमध्ये. ओला चमचा नको. पहिल्या खेपेला माझ्या बरणीत पाणी कमी पडलं आणि वर आलेल्या कापांवर बुरशी धरली, सगळं टाकावं लागलं. आता वाटणी करताना पाणीही मापानं वाटतो. घरात दोनच माणसं असतील आणि डब्याला भागीदार नसतील तर लहान बरणीच घ्या, भाव जास्त पडला तरी वाया जात नाही.

वहीतला सध्याचा क्रम असा: वाटून घेतलेला डबा पहिला, ऑफरमधली कापांची बरणी दुसरी, अख्खी बियांची शेवटी. पुढचा डबा संक्रांतीनंतर आणायचा आहे, आणि तळमजल्यावरच्या काकू पाचव्या भागीदार म्हणून येतायत.