नागपुरात ट्युलिप : दहा कांदे, चार फुलं

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्युलिपचे दहा कांदे ऑनलाइन मागवले. पाकिटावर 'प्री-चिल्ड', म्हणजे थंडी देऊन झाली, थेट लावा. पण पार्सल ऑक्टोबर हीटमध्ये सहा दिवस फिरून आलं. विक्रेत्याला विचारलं तर 'जिवंत रोपं परत घेत नाही', विषय संपला.

ट्युलिपला फुलायच्या आधी साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ७ अंशांची थंडी लागते. श्रीनगरला ती फुकट मिळते. आपल्याकडे पहाटे पारा दहावर आला की शेकोट्या पेटतात अन् दुपारी पुन्हा स्वेटर काढा. म्हणून फ्रीज. सहा कांदे कागदी पिशवीत आमच्या भाजीच्या ट्रेमध्ये. दिवाळीत जागा उरली नाही म्हणून चार शेजारच्या काकूंकडे. तपकिरी साल, वर टोक, हुबेहूब कांदा! सासूबाईंनी पोह्यांसाठी दोनदा पिशवीत हात घातला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात कांदा सडणारच. म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांत निम्मी वाळू, थोडं गांडूळखत. टोक वर, कांद्याच्या उंचीच्या अडीचपट खोल. तरी एक सडलाच. पाणी मीच जास्त घातलं.

काकूंकडच्या चारही कांद्यांना पानं छान आली, फूल एकही नाही. एक कळी चिरून पाहिली तर आत पापुद्र्यासारखं वाळलेलं. मग कळलं, त्यांच्या ट्रेमध्ये कायम सफरचंदं असायची. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कांद्यातली कळी आतच मरते. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.

आमच्यातली चार फुलली, फेब्रुवारीच्या मध्यात. दांडे आखूड, वीतभरच. थंडी कमी पडली की असं होतं. पण तो लाल रंग! सकाळी मिटलेलं, अकराच्या उन्हात वाटीसारखं उघडायचं, संध्याकाळी परत मिटायचं. तिसऱ्या दिवशी बशीएवढं पसरलं अन् पाचव्या दिवशी पाकळ्या कुंडीत.

एप्रिलमध्ये उकरलं तर मोठा कांदा जाऊन लसणाच्या पाकळीएवढी दोन पिल्लं. ती इथल्या उन्हात वाढवून पुन्हा फुलवायचा नाद मी सोडला. दरवर्षी नवे कांदे घ्यावे लागणार हे धरूनच पैसे घाला. तेवढ्यात शेवंतीच्या कुंड्या गच्चीभर होतात, हेही खरं.

यंदा सहाच मागवणार आहे. ट्रे आत्ताच सांगून ठेवलाय, सफरचंदं बाहेर टोपलीत.