आम्ल जमिनीसाठी चाऱ्याचं द्विदल निवडताय? द्रावण, कुंडी की थेट शेत

शंभर-दीडशे वाणांतून आम्ल माती सोसणारे निवडायचे असतील तर सुरुवात द्रावणातच, म्हणजे अन्नद्रव्यं विरघळवलेल्या पाण्यातच करा, दुसरं काही परवडणारच नाही. पीएच ५च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनिअम विरघळतं आणि पहिला मार मुळाच्या टोकाला बसतो, मूळ आखूड आणि जाड होतं, म्हणून ॲल्युमिनिअम असलेल्या आणि नसलेल्या द्रावणात रोपं वाढवून मुळांची लांबी मोजली की काही दिवसांत अंदाज येतो. फक्त द्रावण पातळ ठेवा, फॉस्फेट जास्त झालं की ॲल्युमिनिअम त्याच्याशी जुळून तळाला बसतं आणि सगळेच वाण पास होतात! आणि स्टायलो या चाऱ्याच्या द्विदलाचं बी कडक कवचाचं असतं, ते आधी घासून घ्या, नाहीतर उगवणच मागेपुढे होते आणि लांबीची तुलना फसते.

पण द्रावणात रोपाला नत्र आपण देतो, तिथेच द्विदलाचा खरा प्रश्न नजरेतून निसटतो. आम्ल मातीत कधी झाड तग धरतं पण त्याला हवेतलं नत्र मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू नाही, मग मुळांवर गाठीच येत नाहीत. म्हणून माझं मत विचाराल तर एकच चाचणी जमणार असेल तर कुंडी, आणि तीही खालच्या थरातल्या मातीची, कारण चुना वरवर राहतो, खोल सहसा पोचत नाही, आणि उन्हाळ्यात झाडाला पाणी तर खालूनच हवं. नत्र देऊ नका, बियाण्याला रायझोबियमचं कल्चर लावा, मग गाठी कापून आतला रंग बघा, लालसर असेल तर काम चालू आहे. चुना घातलेली कुंडी शेजारी ठेवाच, फक्त चुन्याने कॅल्शियमही वाढतं हे लक्षात असू द्या, सगळा फरक ॲल्युमिनिअमच्या नावावर मांडू नका.

शेतातली चाचणी महाग आणि वर्षानुवर्षं चालणारी, पण शेवटी तिच्याशिवाय गत्यंतर नाही. कोलंबियाच्या यानोस गवताळ भागातल्या आम्ल जमिनीत स्टायलोचे कितीतरी नमुने ॲल्युमिनिअमने नाही तर अँथ्रॅक्नोज रोगाने गेले. तिथे १९८३ मध्ये आलेला कापिका हा वाण स्टायलोसँथेस कॅपिटाटा या स्टायलोच्या जातीच्या पाच नमुन्यांचं मिश्रण आहे. रोगात कोण टिकेल ही गोष्ट द्रावणाच्या टबात कशी कळणार?

कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते म्हणून लगेच या भानगडीत पडू नका, आधी पीएच बघा, ५.५च्या वर असेल तर ॲल्युमिनिअमचा त्रास सहसा नसतोच.

आणि कुठलीही पद्धत घ्या, दर फेरीत ओळखीचा सोसणारा स्टायलो आणि न सोसणारी सुबाभूळ दोन्ही लावा, दोघांची मुळं सारखीच वाढली तर चाचणीच बिघडलीय, परत करा.