‘अटी व शतीर्’ : टायपिंगच्या दुकानात लिनक्स मिंट, दहा महिन्यांनंतर

गेल्या सोमवारी एका वकीलसाहेबांनी भाडेकराराची प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या पानावर बोट टेकवलं. ‘अटी व शतीर्’. एकदा नाही, चार ठिकाणी. खाली ‘आथिर्क वर्ष’. दोन्ही पक्षांच्या सह्या होऊन गेलेल्या. “ताई, तुमच्याकडून असं कधी होत नाही. त्या नव्या सिस्टिमचं काही झालंय का?” एवढंच ते म्हणाले. मी पानं दुरुस्त करून पुन्हा काढून दिली, पैसे घेतले नाहीत, पण रात्री झोप लागली नाही. पंचवीस वर्षं मी कागद टाइप करून पोट भरते. कागदात चूक जाऊ नये हीच माझी दुकानदारी आहे. म्हणून लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी मी टाकलेल्या फुकट सिस्टिमचा, हा अनुभव लिहायला बसले.

बार्शीत, तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. दोन संगणक, दोन्ही २०१६ चे, इंटेलचे सहाव्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, आठ जीबी रॅम. विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे कळलं तेव्हा चौकशी केली. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, म्हणजे माझे दोन्ही बाद. दोन नव्या संगणकांचा अंदाज आला ६८ हजार. संगणक दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, पाचशे रुपये द्या, जुगाड करून अकरा टाकून देतो. आपल्याकडे लिनक्स फारसं कुणी लावत नाही याचं पहिलं कारण मला तिथेच दिसलं. ‘फुकट आहे’ हे त्याचं मोठं बळ, पण आपल्या बाजारात विंडोजही पाचशे रुपयांत फुकटच मिळतं. पैसे वाचतात म्हणून लिनक्स घ्या असं सांगितलं तर ऐकणार कोण? मला मात्र चोरीचं नको होतं. लोकांची प्रतिज्ञापत्रं करायची आणि स्वतःच्या यंत्रात चोरीचा माल ठेवायचा, हे मनाला पटत नाही.

धीर आला तो कोर्टामुळे. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांमध्ये संगणकांवर उबंटू नावाचं लिनक्स बसवलेलं आहे. निकालपत्रं त्यावर टाइप होतात, मग माझा अर्ज का होणार नाही? मिंट हे त्याच उबंटूवर उभं आहे. नणंदेचा मुलगा सोलापूरला इंजिनिअरिंग करतो, तो जून २०२५ मध्ये आला आणि दोन्ही संगणकांना १७०० रुपयांची एकेक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लावून मिंट २२ टाकून गेला. त्याचे सुरक्षा-अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. एकूण खर्च ३४०० रुपये आणि त्याला एक शर्ट.

पहिले दोन महिने मी अगदी खूश होते. पूर्वी दुकान उघडून बटण दाबायचे आणि उदबत्ती लावून, झाडून काढेपर्यंत संगणक उठायचा. आता अर्ध्या मिनिटात तयार. यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे, हे खरं तेच लिहिते. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ असा पडदा आला नाही, हे मात्र मिंटचंच. बहुतेक काम आता व्हॉट्सॲपवर येतं, ते ब्राउझरमध्ये उघडतं. वर्डच्या डॉकएक्स फाइली लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. वर्डच्या कॅलिब्री फाँटच्या जागी कार्लितो नावाचा फाँट बसतो, अक्षरांची मापं तीच, त्यामुळे इंग्रजी पानं हलत नाहीत. मराठीत हे सुख नाही. लोक मंगलमध्ये टाइप करून आणतात, मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो इथे नसतो, आणि त्याच्या मापाचा दुसरा फाँट मला मिळाला नाही. चार पानांचा दस्त पाचव्या पानावर दोन ओळी घेऊन उतरतो. तेव्हापासून मी पीडीएफ मागते.

टायपिंगचं थोडक्यात सांगते. मी टाइपरायटरवर शिकले, बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीची. मिंटमध्ये इन्स्क्रिप्ट ही दुसरी मांडणी सरळ मिळते, रेमिंग्टन नाही. त्यासाठी आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे दोन प्रोग्राम जोडावे लागतात. भाचा नसता तर मला ते कधीच सापडलं नसतं. मदतीला येणारी मुलगी इन्स्क्रिप्टवरच शिकलेली, तिला काहीच अडलं नाही. आणि एक आनंदाची गोष्ट: लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली, आणि फाँटात दोन्ही रूपं असली, की ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि त्यावरूनच आयआयटी मुंबईत केलेला शोभिका, हे दोन्ही फाँट मुक्त परवान्याचे आहेत. मी विक्रीपत्रं आता यशोमुद्रात काढते. एका म्हाताऱ्या शिक्षकांनी कागद हातात घेऊन विचारलं, “हे कुठल्या छापखान्यातून आणलं?” मी ते दिवसभर सगळ्यांना सांगत होते.

आता दुखण्याकडे येते.

माझ्याकडे २००४ पासूनच्या साधारण २३०० फाइली आहेत. साठेखत, मृत्युपत्र, भाडेकरार, वारसाचे अर्ज, बचत गटांचे ठराव. हे नमुने म्हणजे माझी शेती. नवं गिऱ्हाईक आलं की जुना नमुना उघडायचा, नावं बदलायची. हे सगळं युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरं थेट साठवणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या एका फाँटमध्ये आहे. त्या फाइलीत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवतो. तो फाँट आणि त्याचा कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर मी पैसे मोजून घेतलं, सोबत यूएसबीला लावायचं कुलूप. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं साधन आहे, पण त्यातून ते कुलूप ओळखलं जात नाही. कंपनीला फोन केला. लिनक्ससाठी आमच्याकडे काही नाही, आणि नव्या विंडोजसाठी परवाना पुन्हा घ्यावा लागेल, असं उत्तर मिळालं. कागद माझे, मजकूर माझा, टाइप केलेलं माझ्या बोटांनी, आणि तो उघडायला दर वेळी त्यांची किल्ली. मला याचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवले नाही.

मग नेटवर सापडलेल्या एका फुकट कन्व्हर्टरमधून सगळ्या फाइली युनिकोडमध्ये घातल्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, रोज रात्री नऊ ते अकरा. वर वर पाहिलं तर छान दिसत होतं. ‘शतीर्’ मला दिवाळीनंतर पहिल्यांदा दिसलं. मग दिसतच राहिलं. ‘मूतीर्’, ‘कीतीर्’, ‘आथिर्क’, ‘वाषिर्क’. सापडेल तसं हाताने दुरुस्त करायचे. पण भाडेकराराचे माझ्याकडे अकरा नमुने, आणि प्रत्येकात ‘अटी व शर्ती’ किमान चारदा. डोळा थकला की एखादा नमुना निसटतो. सोमवारी निसटला तो असा.

वरचं सगळं मी त्याच आठवड्यात लिहिलं होतं, आणि शेवटी लिहिणार होते की मराठी दस्ताचं काम असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. पाचपैकी दोन तारे. पुढचं आठ दिवसांनी लिहिते आहे, आणि ते वाक्य मी मागे घेते.

रविवारी भाचा आला. त्याने जुनी फाइल उघडून मला विचारलं, “मामी, टाइपरायटरवर ‘शर्ती’ कसं मारायचीस?” मी बोटांनी टेबलावर मारून दाखवलं: श, त, वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी वर रफार. “आणि ‘आर्थिक’?” आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. तो म्हणाला, फाइलीत हाच क्रम आहे, डोळ्याला दिसतो तसा. युनिकोडमध्ये क्रम बोलण्याचा असतो: आधी र्, मग त, मग वेलांटी. कन्व्हर्टरने रफार उचललाच नाही, जिथे होता तिथेच र् करून ठेवला. श-ती-र्. म्हणून ‘शतीर्’. मी पंचवीस वर्षं रफार शेवटी मारत आले, तो बोलताना आधी येतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे हे लिनक्सने केलेलंच नाही. विंडोजवर बसून त्याच कन्व्हर्टरमधून काढलं असतं तरी ‘शतीर्’च आलं असतं. ज्यांनी पूर्वी नेटवर मराठी बातम्या वाचल्या आहेत त्यांना ‘मूतीर्’ आणि ‘आथिर्क’ आठवत असतील, ती सगळी याच रोगाची माणसं. वकीलसाहेबांना मी सिस्टिमचा दोष म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी कोर्टात जाऊन त्यांना खरं काय ते सांगून आले.

दुरुस्ती बिघडलेल्या फाइलींवर होत नाही, हे कुणी करणार असेल तर लक्षात ठेवा. ‘शतीर्’मध्ये र् शब्दाच्या टोकाला लटकतो, तो शोधून बदलता येतो. पण ‘आथिर्क’मध्ये र् क वर जाऊन बसतो आणि संगणकाला तो योग्यच वाटतो. त्यामुळे मूळ जुन्या फाइलींपासून सुरुवात करावी लागते. मी काहीच फेकत नाही, मूळ फाइली पेन ड्राइव्हवर होत्या. भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला: आधी रफार उचलून मागच्या अक्षराच्या, जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या आधी नेऊन ठेवायचा, काना-मात्रा-वेलांटी ओलांडून, मग पहिली वेलांटी जागेवर, आणि मग युनिकोड. मी रफाराच्या २१२ शब्दांची यादी हाताने केली होती, ती त्याला तपासायला दिली. सगळे शब्द बरोबर आले. ‘ऱ्हास’ आणि ‘वाऱ्यावर’मधला ऱ् वेगळा हाताळावा लागला, तेवढी अर्ध्या तासाची झटापट. ज्या कामाला माझे दोन महिने गेले ते चहा उकळेपर्यंत झालं. साधारण चाळीस फाइली राहिल्या आहेत, त्यांत दोन फाँट एकमेकांत मिसळलेले आहेत, त्या मी हाताने करते आहे.

राहिल्या दोन अडचणी, त्या मात्र खऱ्या आहेत. एक प्रिंटर. माझा लेझर प्रिंटर स्वस्तातला, असे हजारो दुकानांत असतील. या प्रिंटरना स्वतःची अक्कल नसते. पान कसं दिसणार हे संगणक ठरवतो आणि कंपनीच्या खासगी भाषेत पाठवतो. ती भाषा कंपनी उघड करत नाही. लोकांनी ती उलटी उकलून ड्रायव्हर बनवला आहे, तो चालतो, पण कागद अडकला की प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय हलत नाही. ऐन गर्दीत, दिवसातून तीनदा. कंपनीचा माणूस ४५० रुपये व्हिजिटचे घेऊन गेला आणि ‘आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो’ एवढं सांगून गेला. त्या ४५० रुपयांची चीड अजून आहे. पुढचा प्रिंटर घेताना मी खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी (वेगळा ड्रायव्हर न टाकता छापण्याच्या पद्धती) लिहिलंय का ते बघणार आहे. भाच्याच्या कॉलेजात तसा आहे, मिंटला जोडला आणि काहीही न टाकता पान बाहेर आलं.

दुसरी अडचण अंगठ्याची. शेतकऱ्यांची केवायसी करायला बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागतं, आणि माझ्या यंत्राच्या कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहे. हंगामात माझं निम्मं उत्पन्न त्यावर. म्हणून डिसेंबरमध्ये एका संगणकाला जुनी हार्ड डिस्क परत लावली, माझ्या रीतसर विंडोज १० सकट. एक वर्षाची मुदतवाढ मिळते ती घेतली, ती ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल. त्याआधी एक जुना अँड्रॉइड फोन घेऊन यंत्र त्याला जोडून बघायचं आहे. ते चाललं की तोही संगणक मिंटवर जाईल.

तारे आता चार. पाचवा मी प्रिंटरमुळे अडवून ठेवला आहे, मिंटची चूक नसली तरी माझा वेळ तर जातोच.

भाच्याचा प्रोग्राम आणि माझी २१२ शब्दांची यादी कुणालाही मिळेल. आमच्यासारखी जुन्या फाँटात अडकलेली टायपिंगची दुकानं प्रत्येक तालुक्यात आहेत. पेन ड्राइव्ह घेऊन दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा गर्दी कमी असते. येताना मूळ फाइली आणा, बदललेल्या नको.