१४यू चॅसिस स्विच: आठ महिने चालवल्यानंतर

नेटवर्कची जोडणी करणारं यंत्र म्हणजे स्विच; आमच्या या स्विचच्या सांगाड्यात (चॅसिस) कार्डांसाठी दहा स्लॉट, चार पॉवर सप्लाय, मागे तीन फॅन ट्रे (पंख्यांचे खण). हा स्विच आठ महिने बंद न पडता चालू आहे आणि त्याच्या वेगाबद्दल तक्रार नाही. या काळात जे खटकलं त्याचं मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी तो बसवला त्या दिवशीच्या कामात सापडलं. म्हणून हा अनुभव बहुतांशी बसवण्याबद्दलच आहे.

पेटीवरचे टिल्ट (कलणं) आणि शॉकचे (धक्का) स्टिकर पेटी उघडण्याआधी बघा. रंग बदललेला असेल तर फोटो काढा, पोच-पावतीवर तसा शेरा लिहा आणि मगच सही करा. माल थंड गाडीतून आला असेल तर आतली प्लॅस्टिकची पिशवी न फोडता खोलीत २४ तास राहू द्या. मग दव पिशवीच्या बाहेर धरतं, बोर्डावर नाही. पुठ्ठा आणि फोम सर्व्हर रूमच्या बाहेरच सोडा, त्यांचे तंतू थेट पंख्यात जातात.

रिकामा सांगाडाच ६५ किलोच्या आसपास, भरला की दुपटीहून जास्त. त्यामुळे कार्डं, पॉवर सप्लाय आणि फॅन ट्रे काढून, लिफ्ट-ट्रॉलीवरूनच चढवायचा. बाजूच्या मुठी सरकवण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत. पॉवर सप्लायच्या मुठीला धरून तर कधीच उचलू नका. रॅक (यंत्रं बसवायची उभी चौकट) आधी जमिनीला बोल्ट केलेला हवा आणि स्विच सगळ्यात खाली.

सगळ्यात जास्त वेळ रॅकच्या खांबांवरची भोकं मोजण्यात गेला, आणि तो सार्थकी लागला. रॅकमधली उंची यूमध्ये मोजतात: १यू म्हणजे ४४.४५ मिमी, त्यात तीन भोकं, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं: १५.८७५, १५.८७५ आणि मग १२.७. यूची सीमा या १२.७च्या मधोमध असते. एक भोक चुकलं की आधाराची पट्टी एका बाजूने वर राहते, स्विचचे कान (रॅकला आवळायच्या कडेच्या पट्ट्या) स्क्रूला जुळत नाहीत आणि लोक स्क्रू जबरदस्तीने आवळतात. दोन्ही खांबांवर मार्करने खुणा करून मगच केज नट (रॅकच्या भोकात अडकवायचे नट) लावा.

अर्थिंगची तार सगळ्यात आधी जोडायची, सोडवायची सगळ्यात शेवटी. दोन भोकांचा लग (तारेच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) वापरा आणि त्याखालचा रॅकचा रंग खरवडून उघडा धातू येऊ द्या. रंगावर आवळलेला लग दिसायला घट्ट असतो, पण नीट वाहत नाही.

विजेचा हिशेब मात्र वहीत मांडा. आमचा भार सुमारे ३.२ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टवर १४ अँपिअर. दोन फीडवर (वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांवर) तो सात-सात असा वाटला जातो, आणि १६ अँपिअरची पीडीयू (रॅकमधली वीज वाटणारी पट्टी) निवांत वाटते. एक फीड गेला की सगळे १४ दुसऱ्यावर येतात. सलग भारासाठी ८० टक्क्यांचा नियम धरला तर १६ची मर्यादा १२.८. म्हणून दोन्हीकडे ३२ अँपिअरची पीडीयू घ्या. दोन पीडीयू एकाच ब्रेकरवरून आल्या असतील, तर चार पॉवर सप्लाय असूनही उपयोग शून्य. एक फीड मुद्दाम पाडून बघा, पण वापरकर्ते जोडायच्या आधी.

कार्ड आत सरकवताना मनगटाचा पट्टा चॅसिसच्या ईएसडी (स्थिर विजेपासून बचावाच्या) जॅकला जोडा, तळाला हात द्या, दोन्ही लिव्हर एकदम मिटा. अर्धवट बसलेलं कार्ड दिवे लावतं आणि एरर मोजत राहतं. असं एक कार्ड तिसऱ्या महिन्यात सापडलं. जोर लागत असेल तर थांबा, बॅकप्लेनची (कार्डं ज्यात खोवतात त्या मागच्या बोर्डाची) वाकलेली पिन जागेवर सरळ होत नाही. रिकाम्या स्लॉटला झाकणं लावाच, नाहीतर हवा तिथूनच निसटते आणि शेजारची कार्डं तापतात.

उत्पादकाची एक चूक खटकतेच: फॅन ट्रे मागून निघतात आणि पॉवर केबलही मागूनच खाली उतरतात. केबल सरळ सोडल्या की ट्रे अडतो. चालू यंत्रात ट्रे बदलायला मिनिटंच मिळतात, तापमान वाढलं की ते स्वतःला बंद करतं. सगळ्या केबल कडेला वळवून वेल्क्रोने बांधा, झिप-टाय नकोत. पुढे फायबरला केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्या द्या. ३ मिमीच्या केबलला ३० मिमी वळण लागतं, आणि रॅकचं दार मिटताना नेमकी तीच जागा कमी पडते.