दर कमेंटमध्येच सांगणारं साड्यांचं पेज

इन्स्टाग्रामवर साडी आवडली की मी खाली विचारते, "किंमत किती?" आणि ठरलेलं उत्तर येतं, "ताई, डीएम केलाय," म्हणजे दर खासगी मेसेजमध्ये. गेल्या श्रावणात एका पेजने मला एका इरकलीचे २,२०० रुपये सांगितले. त्याच साडीचे माझ्या नणंदेला, त्याच संध्याकाळी, १,८५०. आम्ही दोघी शेजारी बसून मोबाइल बघत होतो म्हणून कळलं. जाब विचारला तर त्यांनी नणंदेला पाठवलेला मेसेज अनसेंड केला. अनसेंड केलं की मेसेज दोन्हीकडून जातो, त्यामुळे दाखवायला काही उरलं नाही. तेव्हापासून दर लपवणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

म्हणून सोलापूरच्या दोघी जावा चालवतात त्या पेजबद्दल मनापासून लिहावंसं वाटलं. प्रत्येक फोटोखाली दर, कुरिअर धरून. डाळिंबी रंगाची, लाल पदरावर पांढऱ्या कळसांची सुती इरकल, १,६५० रुपये. कुणीतरी खाली "दोन घेतल्या तर कमी कराल का?" असं विचारलं होतं. "दोनवर १०० कमी, सगळ्यांनाच," असं तिथेच उत्तर. माझे निम्मे प्रश्न इतरांनी आधीच विचारलेले होते: पहिल्या धुण्यात रंग जातो का, पदराचा जोड उसवतो का. इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, ते उभे धागे फासे अडकवून जोडतात, म्हणून ही भीती बऱ्याच जणींना असते. त्यांनी जोडाचा जवळून व्हिडिओच टाकला होता.

साडी आली ती फोटोपेक्षा गडद. मी तसं फोटोखालीच लिहिलं. तासाभरात उत्तर: "फोटो ट्यूबलाइटखाली काढलाय, चूक आमची. उन्हातला टाकतो. परत करायची असेल तर कुरिअरचा खर्च आमचा." आणि खरंच नवा फोटो टाकला. माझी तक्रार पुसली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. साडी मी ठेवली.

आता दुसरी बाजू. एका बाईंनी तक्रारीसोबत कमेंटमध्ये स्वतःचा फोन नंबर आणि पत्ता लिहिला. या जावांनी ती कमेंट लगेच लपवली आणि "ताई, नंबर फक्त मेसेजमध्ये द्या, तुमची तक्रार आम्ही नोंदवली आहे" असं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. हे फार बरं केलं. उघड्यावर नंबर दिसला की कस्टमर केअर म्हणून भलत्याचाच फोन येतो, "रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा, पिन टाका." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. दर आणि तक्रार चारचौघांत, पत्ता आणि नंबर आपसांत, हे या दोघींना बरोबर कळलंय.

एक उणीव आहे. अनोळखी लोकांचे मेसेज वेगळे, मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतात; ते त्या रोज बघत नाहीत. माझा पत्ता तिथे तीन दिवस पडून होता. शेवटी मी कमेंटमध्ये "मेसेज केलाय, बघा" लिहिलं आणि दहा मिनिटांत ऑर्डर पक्की झाली. तुम्हीही तसंच करा.